बाळंतपणाचा भार कुणावर? मालक, सरकार आणि कामगार बाईची नोकरी

“बाईमाणूस कामाला ठेवले की डोक्याला ताप. लग्न झाले की दिवस जाणार, दिवस गेले की रजा, आणि सहा महिने घरी बसून पगार. एवढे आम्हाला परवडत नाही.” हे शब्द आपल्या वस्तीतल्या किती भगिनींनी ऐकले असतील! कुणाला ते तोंडावर ऐकवले जातात. कुणाला काही न बोलता पाचव्या महिन्यात राजीनाम्याच्या कागदावर सही करायला सांगतात. कुणाला मुलाखतीतच विचारतात, “लग्न झाले का? मूल किती?” आणि मग “कळवतो” म्हणून वाटेला लावतात.

आम्ही गेली अनेक वर्षे पगारपत्रकाच्या टेबलावर बसतो. हजेरी, कपात, चलन हेच आमचे रोजचे काम. संध्याकाळी वस्तीत बसलो की आयाबहिणी कागद घेऊन येतात. या दोन्ही कामांतून आमचे एक मत पक्के झाले आहे. “परवडत नाही” हे कारण बहुतेक ठिकाणी खोटे आहे. कायदा पाळणाऱ्या मालकाच्या अंगावर बाळंतपणाचा पगार पडूच नये, अशी सोय या देशात १९४८ च्या कायद्याने झाली. ती आहे राज्य कामगार विमा योजना, म्हणजे आपल्या तोंडातली ‘ईएसआय’. पण मालकाला ती कटकट वाटते आणि कामगाराला ती पगारातली कपात वाटते. म्हणून दोघेही तिच्याकडे पाठ फिरवतात. त्यात नोकरी जाते ती मात्र बाईची.

बाबासाहेबांनी १९२८ मध्येच सांगितले

हा प्रश्न आजचा नाही. १९२४ मध्ये कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे मुंबई कौन्सिलात असेच विधेयक आले तेव्हा विरोधकांचे म्हणणे एकच होते: असा कायदा केला तर मालक बायकांना कामावरून काढतील, म्हणजे बायकांचेच नुकसान होईल. आज आपण जे ऐकतो तेच!

२८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही एकट्या घराची गरज नाही, राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडता येणार नाही. बाईला कामावर ठेवण्यात फायदा आहे म्हणूनच मालक तिला ठेवतो, तेव्हा फायदा घेणाऱ्याने भारही घेतला पाहिजे.

वाचकहो, या विचारात दोन गोष्टी एकत्र आहेत. मालकाला जबाबदारीतून सुटका नाही. आणि सगळा बोजा एकट्या मालकावर टाकून बाईची नोकरीही धोक्यात घालायची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या प्रसूतीविषयक करारातही हेच तत्त्व होते. लाभाचे पैसे सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यावेत, असे त्यात म्हटले होते.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पण पैसे देण्याची जबाबदारी मालकावरच राहिली, सरकारने भार घेतला नाही. पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रे अशी इतरही कारणे होती. पण वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत आपल्या आज्या-पणज्या उभ्या होत्या, त्यांची जागा हळूहळू गेली हे खरे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. त्याच वर्षी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे दिले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत लोअर परळला या महामंडळाचे प्रादेशिक कार्यालय, पंचदीप भवन, ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. ज्यांचे विधेयक १९२४ मध्ये नामंजूर झाले, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आज बाळंतपणाच्या पैशांचा कारभार चालतो.

आता हिशेब पाहू

आम्ही कारकून माणसे, आम्हाला भाषणापेक्षा आकडे जवळचे. तेव्हा साधा हिशेब मांडतो.

एका वर्कशॉपमध्ये १२ कामगार आहेत, प्रत्येकाचा पगार महिना १५,००० रुपये. १ जुलै २०१९ पासूनच्या दराने मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. म्हणजे एका कामगारामागे मालकाचे साधारण ४८८ रुपये आणि कामगाराचे ११३ रुपये. बाराजणांचे मिळून मालकाला महिन्याला ५,८५० रुपयांच्या आसपास भरावे लागतात.

आता समजा, यातल्या एका भगिनीला दिवस गेले. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा लाभ आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. रोजचे ५०० धरले तर ९१,००० रुपये. मालकाने ईएसआय भरली असेल तर हे ९१,००० रुपये महामंडळ त्या बाईच्या बँक खात्यात जमा करते. मालकाला त्यातला एक रुपयाही द्यावा लागत नाही. तिच्या पगाराचे पैसे मालकाकडे शिल्लक राहतात, त्यातून तो बदली माणूस ठेवू शकतो. आणि कायदा लागू असूनही ईएसआय भरली नसेल तर? मग तेच ९१,००० मालकाच्या गल्ल्यातून जायला हवेत. ते द्यायचे नाहीत म्हणून तो बाईलाच काढतो.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ईएसआयचा दर पुरुषाला आणि बाईला सारखाच आहे. बाईऐवजी पुरुष ठेवला म्हणून मालकाचा एक पैसाही वाचत नाही. बाळंतपणाचा भार सगळ्या कारखान्यांच्या सगळ्या कामगारांवर थोडा थोडा वाटला जातो, आणि औषधोपचाराच्या खर्चाचा आठवा हिस्सा ठरावीक मर्यादेत राज्य सरकार उचलते. “बाई महाग पडते” हे म्हणणे या हिशेबात टिकत नाही. मग जो मालक ईएसआय भरतो आणि तरीही लग्न झालेली बाई नको म्हणतो, त्याच्या मनात पैसा नाही, भेदभाव आहे. भरतीत बाई म्हणून नाकारायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी होती आणि आता वेतन संहितेतही बंदी आहे.

मालकाला सरकारची मदत कोणती?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ चा विमा कायदा आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. दहा किंवा जास्त माणसे जिथे काम करतात ती आस्थापना ईएसआयमध्ये येते. धोकादायक कामाच्या ठिकाणी सरकार एका कामगारासाठीही ती लागू करू शकते. दहापेक्षा कमी माणसे असतील तरी मालक-कामगार मिळून स्वखुशीने योजनेत येऊ शकतात.

पूर्वी लेबर इन्स्पेक्टर आला की मालक मागच्या दाराने जायचा. नव्या संहितेत या अधिकाऱ्याचे नाव ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झाले आहे. कायदा कसा पाळायचा याचा सल्ला मालकाला आणि कामगाराला देणे हे त्याचे काम ठरवले आहे. चूक सापडली तर खटल्याआधी ती सुधारण्याची संधी मालकाला द्यायची, असेही संहितेत आहे. तोच गुन्हा पुन्हा पुन्हा करणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

त्याशिवाय महामंडळाने जुलै २०२५ मध्ये ‘स्प्री’ नावाची योजना ठरावीक मुदतीसाठी सुरू केली. ज्या मालकांनी नोंदणीच केली नव्हती, त्यांनी या मुदतीत नोंदणी केली तर मागची थकबाकी मागायची नाही आणि मागचे दप्तरही तपासायचे नाही, अशी ती सवलत होती. अपंग कामगार ठेवणाऱ्या खाजगी मालकाचा ईएसआयचा हिस्सा सुरुवातीची काही वर्षे केंद्र सरकारने भरावा, अशी योजना २००८ पासून आहे.

मालकाला अशी मदत व्हावी की नाही? आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, मालकाला कसली मदत, दंडच करा. आमचे मत थोडे वेगळे आहे. छोट्या मालकाला कायदा समजावून सांगितला, अर्ज भरायला मदत केली आणि त्यामुळे दहा बायकांची नावे मस्टरवर चढली, तर त्यात आपलेच भले आहे. आणि आता आपल्यातही मालक झाले आहेत. कुणी हाउसकीपिंगचे कंत्राट घेतो, कुणी सिक्युरिटी एजन्सी चालवतो, कुणी केटरिंग करतो, कुणाचे शिलाईचे युनिट आहे. त्यांनाही आमचे सांगणे आहे, की कायदा दुसऱ्या मालकांसाठी आणि आपण मात्र भाऊबंद, असे चालणार नाही. आपल्याकडे कामाला येणारी बाई वस्तीतली बहीण असली म्हणून तिची कपात, भरणा आणि रजा माफ होत नाही.

पण मदतीची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. मालकाची मागची थकबाकी माफ झाली, त्याचे दप्तर बंद राहिले. त्या मागच्या वर्षांत जी बाई बाळंत झाली, जिला रजेऐवजी घरचा रस्ता दाखवला गेला, तिचे काय? तिच्या नावे हप्ता भरलाच नव्हता, म्हणून तिच्या हाती काही पडले नाही. मालकाला संधी देताना तिचा हिशेब कुठल्याच खान्यात धरलेला नाही. सरकारने मालकाला हात द्यावा, आमची ना नाही. पण त्या हाताची किंमत एवढीच असावी की यापुढे एकाही बाईचे नाव मस्टरबाहेर राहणार नाही. आणि ते राहते की नाही हे बघायला अधिकारी प्रत्यक्ष कारखान्यात गेला पाहिजे. सल्ला देणारा अधिकारी आला आणि तपासणारा अधिकारी गेला, असे होऊ नये.

कंत्राटी भगिनींसाठी

“तू आमची नाहीस, ठेकेदाराची आहेस” हे उत्तर झाडूवाल्या, कॅन्टीनवाल्या, पॅकिंगवाल्या भगिनींना नेहमीचे. त्यांनी हे लक्षात ठेवावे. ईएसआयच्या बाबतीत ज्याच्या आवारात काम चालते त्या मुख्य मालकावर कंत्राटी कामगारांच्या भरण्याची जबाबदारी आहे. त्याने आधी भरावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे. ठेकेदार पळाला म्हणून हक्क पळत नाही. मालकाने हप्ता न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळ तिला लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकते, अशी तरतूद कायद्यात पहिल्यापासून आहे.

रोजंदारीवरच्या भगिनींसाठी तर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. दिल्ली महापालिकेत मस्टर रोलवर रस्त्याची कामे करणाऱ्या बायकांना प्रसूती रजा नाकारली होती. कायम कामगारांना रजा, रोजंदारीवाल्यांना नाही! ८ मार्च २००० रोजी न्यायालयाने ठरवले की या बायकांनाही प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे. डोक्यावर घमेले वाहणारी बाईही आई होते, हे मान्य करून घ्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याआधी १९८१ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात, पहिल्याच गरोदरपणात हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता. विमानातली बाई असो की रस्त्यावरची, संविधान दोघींना एकच आहे.

जाळ्यातली भोके

सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणणार नाही. ईएसआयला पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये ठरली (अपंग कामगारांसाठी २५,०००). एखादीचा पगार २२,००० झाला की पुढच्या हप्ता-काळापासून ती योजनेबाहेर जाते. मग तिच्या २६ आठवड्यांचा पगार मालकाच्या अंगावर येतो आणि पुन्हा तेच जुने दुखणे सुरू होते. पगारवाढ मिळाली म्हणून संरक्षण कमी व्हावे, हा कुठला न्याय? भार विम्यावर टाकायचा असेल तर ही मर्यादा महागाईबरोबर वाढत राहिली पाहिजे.

दुसरे भोक त्याहून मोठे आहे. चार घरची धुणीभांडी करणारी, घरी बसून अंगावर काम घेणारी, नाक्यावर उभी राहणारी भगिनी बहुतेक वेळा योजनेत येतच नाही. बांधकामावरच्या कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. बिल्डरकडून घेतलेल्या उपकरातून ते प्रसूतीला अर्थसहाय्य देते, पण त्यासाठी नोंदणी जिवंत असावी लागते. बाकीच्यांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये. कारखान्यातल्या बाईला ९१,००० आणि मोलकरणीला ५,०००! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सरकारने उचलावा म्हटलेला भार सरकारने अजून पुरता उचललेला नाही, याचा हा पुरावा.

भगिनींनो, एवढे कराच

पहिली गोष्ट, पगारातून ईएसआय कापली जात असेल तर आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि ई-पहचान कार्ड काढून घरात ठेवा. कपात होते पण भरणा होत नाही, असे प्रकार होतात. भरणा झाला की नाही ते महामंडळाच्या शाखा कार्यालयात समजते. घरात शिकलेली मुलगी असेल तर ती संकेतस्थळावरही बघू शकेल.

दुसरी गोष्ट, दिवस मोजा. प्रसूती लाभासाठी लगतच्या दोन हप्ता-काळांत मिळून किमान ७० दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ आणि ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. ठेकेदार मध्येच नाव काढून दुसऱ्या नावाने चढवतो, तेव्हा हेच दिवस बुडतात.

तिसरी गोष्ट, दिवस गेल्याचे कळले की ईएसआयच्या दवाखान्यात नाव घाला आणि दाखला घ्या. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे मिळतात. गर्भपात झाला तरी ६ आठवडे आहेत. त्यापुढे आजारपण आले तर डॉक्टरच्या दाखल्यावर आणखी महिनाभर मिळू शकतो.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, कुणी कितीही गोड बोलले तरी राजीनाम्यावर सही करू नका. प्रसूतीच्या रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. आणि नेमके म्हणूनच मालक काढत नाही, तुमच्याच हाताने लिहून घेतो. “घरी विचारून सांगते” म्हणा, कागद घेऊन या, वस्तीतल्या कार्यकर्त्याला किंवा युनियनला दाखवा.

आणि घरच्या पुरुषांना दोन शब्द. “सोड ती नोकरी, मूल बघ” हे घरून ऐकवले की मालकाचे अर्धे काम आपणच करतो. पहिल्या दिवशीच तिच्याबरोबर शाखा कार्यालयात जा, रांगेत उभे राहा, फॉर्म भरून द्या.

आमची कार्यकर्त्यांना सूचना आहे. प्रत्येक वस्तीत महिन्यातून एक रविवार ईएसआयच्या कागदांसाठी ठेवावा. बायकांचे विमा क्रमांक एका वहीत उतरवावेत. ज्यांचे नाव मस्टरवर नाही त्यांची वेगळी यादी करावी. ती यादी घेऊन आधी मालकाकडे जावे, वरचा ५,८५० आणि ९१,००० चा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा आणि नोंदणीला मदत करण्याची तयारी दाखवावी. बरेचसे छोटे मालक हिशेब कळल्यावर ऐकतात, हा आमचा अनुभव आहे. जो ऐकणार नाही त्याची यादी महामंडळाच्या कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.